प्रॉन्गहॉर्नचं शिंग माळावर कसं जोखायचं: वायोमिंगला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जून संपत आला की दोन-तीन फोन ठरलेले. "ताई, वायोमिंगचा टॅग लागला. आता काय करू?" टॅग म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एक प्रॉन्गहॉर्न, तिथल्या माळावरचा हरणासारखा प्राणी, मारायचा परवाना. बंदूक कुठली घ्यावी, तंबू कुठला घ्यावा हे कुणीही सांगेल. खरी अडचण येते सप्टेंबरमध्ये, माळावर. समोर तीनशे यार्डांवर नर उभा असतो, शिंगं काळीभोर दिसतात, छाती धडधडत असते, आणि हा नर खरंच मोठा आहे की मला तसा वाटतोय हे सांगायला शेजारी कुणी नसतं.

माझ्या पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. शर्ली बेसिनमध्ये भर दुपारी एक नर माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. शिंगं बाहेर फाकलेली, वर जाऊन आत वळलेली. मी मनात ८० चा आकडा धरला (शिंगांच्या सगळ्या मापांची इंचांतली बेरीज; हिशेब पुढे तिसऱ्या पायरीत आहे). नंतर टेप लावली तर ६६ आणि वर थोडं. मांस आम्ही सगळं वापरलं, त्या जनावराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण अंदाज चौदा इंचांनी चुकतो, याचा अर्थ मी काय पाहत होते तेच मला कळत नव्हतं. तेव्हापासून दर ऑगस्टला मी नुसती दुर्बीण घेऊन जाते, नर पाहते, आकडे लिहिते. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते. मी काळविटांच्या मुलखातली. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं अभयारण्य आमच्या गावापासून जवळ. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहायला हवी. वायोमिंगची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही हजारांवर आलेला हा प्राणी आज लाखांत आहे, आणि त्यामागे परवान्यांची फी, बंदूक-काडतुसांवरचा, १९३७ पासून वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला कर आणि मोजूनमापून दिलेले टॅग आहेत. ज्यांना शिकार करायचीच नाही, फोटो काढायचे आहेत, त्यांनी पहिली आणि शेवटची पायरी सोडून बाकीचं वाचावं. नजर तीच लागते.

१. आधी कागद

आपल्या लोकांची सर्वांत मोठी चूक इथेच होते, म्हणून ही पायरी पहिली.

तुम्ही एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. याला जे अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा एकच: कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना तुमच्याकडे असणं. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल रेंजवर "जरा चालवून बघतो" हेसुद्धा परवान्याशिवाय नको. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. शिकारीतल्या मित्राला हा प्रश्न विचारू नका, त्याला हे माहीत नसतं.

सोबत ठेवायचे कागद:

- तुमच्या नावावर लागलेला त्या हंट एरियाचा, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागाचा, प्रॉन्गहॉर्नचा परवाना
- वायोमिंगचा कॉन्झर्व्हेशन स्टॅम्प
- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र (१ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागतं)
- फोटो ओळखपत्र; व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ ची प्रत
- जमिनीच्या मालकीच्या हद्दी दाखवणारा नकाशा, फोनमध्ये ऑफलाइन उतरवलेला

परवान्यावरचा प्रकार डोळ्यांत तेल घालून वाचा. टाइप ६ आणि टाइप ७ चे परवाने मादी किंवा पिलासाठी असतात. तो खिशात असताना नर पाडला तर गुन्हा होतो. शिंगं जोखायची आहेत तर नर चालणारा परवाना हवा, बहुतेक ठिकाणी तो टाइप १ असतो.

जमिनीचंही तसंच. दक्षिण वायोमिंगमध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेच्या दोन्ही बाजूंना जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे, एक चौरस मैल सरकारी, पुढचा खासगी. नर सरकारी चौकोनातून खासगीत चालत गेला की विषय संपला. कुंपण ओलांडू नका. रायफलच्या हंगामात अंगावर भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडा सक्तीचा आहे.

२. नर की मादी, हे आधी

प्रॉन्गहॉर्नला सगळे अँटिलोप म्हणतात, पण तो काळविटाच्या कुळातला नाही. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरला आहे. जिवंत प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. त्याच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि वर काळी खोळ. ही खोळ तो दरवर्षी, माजाचा काळ उलटल्यावर, टाकतो आणि नवी वाढवतो. काळविटाचं शिंग आयुष्यभराचं, याचं एका वर्षाचं. म्हणून मागच्या वर्षी ज्या नराची शिंगं जबरदस्त होती, तोच यंदा साधा दिसू शकतो. उलटही होतं. हिवाळा कडक गेला किंवा वसंतात पाऊस-गवत कमी पडलं तर त्याचा परिणाम शिंगांत दिसतो.

मादीलाही शिंगं असू शकतात, बोटाएवढी, कानापेक्षा आखूड, बहुधा फाटा (शिंगातून पुढे निघालेलं टोक) नसलेली. गोंधळ होतो तो वर्षभराच्या नराशी, कारण त्याचीही शिंगं कानाच्या आसपासच असतात. तेव्हा शिंगाकडे पाहू नका, गालाकडे पाहा. नराच्या जबड्याच्या मागे, कानाखाली, काळा डाग असतो. मादीला तो नसतो. मोठ्या नराच्या नाकाडावरही काळा पट्टा चढलेला असतो, पण पक्की खूण गालाचीच.

३. गुण कशाला मिळतात

ट्रॉफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चषक येतो. इथे ट्रॉफी म्हणजे शिंगं, आणि ती मोजायची सर्वमान्य पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापन केलेला हा क्लब. आजची मोजणीची पद्धत १९५० पासूनची. प्रत्येक शिंगाची सहा मापं घेतात:

- लांबी: बाहेरच्या वळणावरून, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत
- चार घेर: एक बुंध्याशी, बाकीचे तीन लांबीच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावर
- फाट्याची लांबी

दोन्ही शिंगांची बेरीज करायची, डाव्या-उजव्यातला फरक वजा करायचा. मापं इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेतात. क्लबच्या कायमच्या नोंदवहीत जायला ८२ लागतात, तीन वर्षांच्या पुरस्कार-नोंदीला ८०. धनुष्यबाणवाल्यांच्या पोप अँड यंग क्लबला ६७ पुरतात. जागतिक विक्रम ९६ ४/८ चा आहे, न्यू मेक्सिकोच्या सोकोरो काउंटीतला, २०१३ चा. हा आकडा केवळ माहितीसाठी. तो डोक्यात ठेवून माळावर जाऊ नका.

आता एका ८० च्या नराचा हिशेब मांडून पाहू. लांबी १५.५, घेर ६.५, ६.२५, ४ आणि २.७५, फाटा ५.२५. एका शिंगाचे झाले ४०.२५, दोन्हींचे ८०.५. यात लांबीचे ३१ आहेत, फाट्यांचे साडेदहा, आणि घेरांचे तब्बल ३९. जवळजवळ अर्धे गुण जाडीचे! शिंगांमधलं अंतर, म्हणजे ती किती फाकलेली आहेत, हे मोजून फक्त कागदावर लिहितात. त्याचा गुण शून्य. मी पहिल्या वर्षी नेमकी त्या फाकलेपणावर भाळले होते.

हा एक हिशेब पक्का समजला तर निम्मं काम झालं. नवखा माणूस उंची पाहतो. जाणता माणूस जाडी शोधतो.

४. कान आणि डोळा, हीच फुटपट्टी

माळावर टेप नेता येत नाही, पण मोजायचं साधन त्या जनावराच्या डोक्यावरच आहे. प्रॉन्गहॉर्नचा कान साधारण ६ इंच लांब असतो. माझ्या हातात आलेल्या नरांचे कान मी मोजले आहेत, साडेपाच ते सहाच्या मधे भरले. डोळा साधारण २ इंच रुंद.

कान पाहताना घाई नको. तो मागे पाडलेला असेल किंवा तिरका असेल तर आखूड दिसतो आणि त्याच्या तुलनेत शिंग विनाकारण उंच वाटतं. दोन्ही कान टवकारून नर तुमच्या दिशेने पाहील तेव्हाच माप घ्या. त्याला तुम्ही दिसलात की तो हे करतोच, आणि तुम्ही त्याला दिसणार आहातच. त्याची नजर फार तेज असते आणि बाहेर आलेल्या डोळ्यांमुळे मागचंही बरंचसं दिसतं. लपण्यापेक्षा लांब बसून मोठ्या दुर्बिणीतून पाहणं बरं.

घरी करायचा सराव सांगते, मला सर्वांत उपयोगी पडलेला. खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्यातून ६ इंचांचा कान, २ इंचांचा डोळा आणि तीन वेगवेगळी शिंगं कापा: १३, १५ आणि १६ इंचांची, एक बारीक, एक मध्यम, एक जाड. काळा रंग द्या. कुणाला तरी मोकळ्या मैदानात २०० ते ३०० यार्डांवर ती अदलून-बदलून उभी करायला सांगा आणि दुर्बिणीतून ओळखा. मी आणि माझ्या लेकीने हे चार रविवार केलं. पहिल्या रविवारी १३ चं जाड शिंग आणि १५ चं बारीक शिंग यांत मी सारखी चुकत होते, चौथ्या रविवारी एकदाही नाही.

५. लांबी: दिसते ती आणि लपते ती

शिंग कानाच्या दुप्पट उंच दिसलं तर झाले १२ इंच. वर शेंडा आत किंवा मागे वळलेला असेल तर त्या वळणात आणखी दोन-तीन इंच दडलेले असतात, कारण लांबी वळणावरून मोजतात. म्हणजे दोन कान उंची आणि हुकासारखा चांगला वळलेला शेंडा, तर १४ ते १५ इंच. सरळसोट वर गेलेलं शिंग लांबून उंच भासतं, पण त्याच्यात लपलेलं काही नसतं. उलट, शेंडे पूर्ण आत वळलेला नर बुटका भासतो आणि टेप लावल्यावर थक्क करतो.

वळण कळायला बाजूने आणि समोरून, दोन्हीकडून पाहावं लागतं. शेंडा मागे वळलेला असेल तर समोरून तो दिसतच नाही. शेंडे तुटलेले आहेत का, तेही बघून घ्या. माजाच्या काळात, सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे, नर झुंजतात आणि टोकं मोडतात. एका बाजूचा दोन इंच शेंडा गेला तर ते दोन इंच तर जातातच, फरकाचे दोन वेगळे वजा होतात.

६. जाडी: बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही

प्रॉन्गहॉर्नचं शिंग गोल नसतं, दोन्ही बाजूंनी चपटं असतं. समोरून पाहिलं तर पट्टीची कड दिसते, बाजूने पाहिलं तर पट्टीची रुंदी. म्हणून समोरून बारीक वाटलेला नर बाजूला वळला की एकदम भरीव दिसतो. आणि कधी कधी वळला तरी बारीकच राहतो. तो सोडून द्यायचा.

बाजूने पाहताना बुंध्याची रुंदी डोळ्याशी ताडून पाहा. बुंधा डोळ्याएवढाच असेल तर साधा नर. डोळ्यापेक्षा स्पष्ट रुंद, म्हणजे अडीच इंचांच्या घरात असेल, तर थांबून नीट पाहण्यासारखा. माझा ढोबळ हिशेब असा, की बाजूने दिसणारी रुंदी गुणिले अडीच म्हणजे घेर. अडीच इंच रुंदीला सव्वासहा इंच घेर. आजवर तो मला पाव-अर्ध्या इंचापेक्षा जास्त चुकलेला नाही.

नुसत्या बुंध्यावर भाळूही नका. जाडी किती वरपर्यंत टिकते ते पाहा. काही नरांचा बुंधा दणकट असतो आणि चार इंचांवरच शिंग निमुळतं होतं. चांगल्या नराचं शिंग फाट्यापर्यंत जवळजवळ एकाच रुंदीने चढतं.

एक नर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ऑगस्टची सकाळ, मेडिसिन बोच्या उत्तरेला, पवनचक्कीच्या टाकीवर तो पाण्याला आला. मी टेकाडावर पोटावर पडून स्कोपमधून पाहत होते. बुंध्याशी खोळ खडबडीत, जुन्या बाभळीच्या खोडासारखी भेगाळलेली, गाठी गाठी उठलेल्या, त्यांच्यात केसांची लव अडकलेली. वर वर गुळगुळीत होत गेलेली, शेंड्याशी हस्तिदंती पिवळट. फाट्यावर सेजब्रशचा हिरवा चुरा चिकटलेला, कारण तो नुकताच झुडपाला शिंगं घासून आला होता. पाणी पिताना त्याने मान वळवली आणि शिंगाची पूर्ण बाजू माझ्याकडे आली. रुंदी डोळ्याच्या दीडपट. त्या वर्षी माझ्याकडे टॅग नव्हता. मी चाळीस मिनिटं पाहत राहिले, आणि जाडी म्हणजे काय ते त्या सकाळी शिकले.

७. फाटा: किती लांब, आणि किती उंचावर

फाट्याची लांबी त्याच्या टोकापासून शिंगाच्या मागच्या कडेपर्यंत धरतात. म्हणजे शिंगाची रुंदी त्यात मोजली जाते. म्हणून पुढे आलेला भाग तीन इंच, म्हणजे दीड डोळा, दिसला तरी माप पाच-साडेपाच भरू शकतं. पुढे नुसता एक डोळाभर, खुंटासारखा निघालेला फाटा असेल तर चार इंचांच्या आसपास धरा.

फाटा किती उंचावर आहे, याकडे नवे लोक बघत नाहीत. समजा शिंग १६ इंचांचं आहे. मग घेर मोजले जाणार बुंध्याशी, ४ इंचांवर, ८ इंचांवर आणि १२ इंचांवर. फाट्याखाली शिंग जाड असतं, फाट्याच्या वर ते एकदम बारीक होतं. फाटा ८ इंचांच्या वर निघाला असेल तर तीन घेर जाड भागात पडतात. तो ६ इंचांवर निघाला तर दोनच. एवढ्यानेच दोन्ही शिंगं मिळून तीन-चार इंचांचा फरक पडतो. खूण सोपी आहे: टवकारलेल्या कानाच्या टोकाच्या वर फाटा फुटला असेल तर उत्तम, कानाच्या खाली असेल तर जपून.

८. सहा आकडे लिहा, मगच ठरवा

माझ्याकडे पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं आहेत. प्रत्येकावर सहा ओळी: लांबी, घेर एक, घेर दोन, घेर तीन, घेर चार, फाटा. नर दिसला की पेन्सिलने भरते. उदाहरण घ्या: १५, ६.२५, ६, ३.७५, २.५, ५. बेरीज ३८.५, दुप्पट ७७. डाव्या-उजव्यातल्या फरकाचे दोन वजा केले, ७५.

लिहायला बसलं की घाई आपोआप कमी होते. "मोठा आहे!" हे वाक्य सहा आकड्यांत मोडावं लागतं, आणि त्यातला एखादा आकडा आपल्याला दिसलेलाच नाही हे ध्यानात येतं. बहुधा तो तिसरा घेर असतो.

तुमचा आकडा मात्र घरून ठरवून निघा. पहिल्या वर्षी ७० चा नर उत्तम आहे: चौदा इंच लांबी, सहाचा बुंधा, चारचा फाटा. अशा नराला नाक मुरडू नका. आणि मांसासाठीच जाणार असाल तर कुठलाही कायदेशीर नर चालतो, मग ही सगळी मोजणी आनंदासाठी करा. शिंगांवरून वयही ठरवू नका. प्रॉन्गहॉर्नची शिंगं दोन-तीन वर्षांच्या वयातच जवळपास पूर्ण मोठी होतात, म्हणून मोठं शिंग म्हणजे म्हातारा नर असं नसतं.

९. कुठे फसगत होते

मृगजळ. हा शब्द शाळेत पाठ केला होता, पण हरणासारख्या दिसणाऱ्या जनावराची शिंगं मृगजळात लोळताना मी वायोमिंगमध्येच पाहिली. सप्टेंबरमध्ये सकाळी दहा-साडेदहानंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि काळी शिंगं वर ताणल्यासारखी, जाड झाल्यासारखी दिसतात. जोखणी पहाटे आणि उतरत्या उन्हात करा. दुपारी पाहिलेला नर संध्याकाळी पुन्हा पाहिल्याशिवाय आकडा पक्का धरू नका.

एकटा नर. शेजारी दुसरा नर नसला की तुलनेला काही उरत नाही आणि प्रत्येक एकटा नर राजा वाटतो. पहिल्या दिवशी किमान दहा-बारा नर पाहा, बंदूक गाडीत राहू द्या. सरासरी नर कसा असतो हे त्या टापूत कळलं की वेगळा नर स्वतःहून उठून दिसतो.

क्षितिजावरचा नर. मागे आकाश असलं की काळं शिंग ठसठशीत होतं आणि किमान दोन इंच वाढल्यासारखं वाटतं. शिवाय आकाशावर उभ्या जनावरावर गोळी कधीही झाडायची नाही, पलीकडे काय आहे ते दिसत नाही.

पळणारा नर. तो ताशी ८५-९० किलोमीटरने पळू शकतो. त्यावर काही जोखता येत नाही, नाद सोडा. पण लगेच निघूनही जाऊ नका. बहुतेक वेळा तो पुढच्या टेकाडावर थांबून मागे वळून पाहतो.

बारीक चणीचा नर. डोकं लहान असलं की शिंग मोठं दिसतं. मान जाड आहे का, छाती खोल आहे का, तोंड भरलेलं आहे का, हे एकदा पाहून घ्या.

आणि सोबत्याचा उत्साह. "मार, मार, अरे केवढा आहे!" असं शेजारून कुजबुजणारा माणूस तुमच्याच कार्डावर त्याचे आकडे लिहायला तयार आहे का, ते विचारा. दोघांनी वेगवेगळे आकडे लिहायचे आणि मग ताडून पाहायचे, हा आमच्या घरचा नियम आहे.

१०. सामान

- १०x४२ ची दुर्बीण. बहुतेक वेळ हीच डोळ्याला असते.
- ६० ते ८० मिमी भिंगाचा स्पॉटिंग स्कोप. स्वतःचा नसेल तर भाड्याने किंवा उसना घ्या, पण न्या. घेर दुर्बिणीतून कळत नाहीत.
- भक्कम ट्रायपॉड. माळावरचा वारा हलक्या ट्रायपॉडला उभं राहू देत नाही. बॅग त्याला लटकवा.
- रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र
- कार्डं आणि पेन्सिल
- गुडघ्यांना जाड पट्ट्या आणि हातमोजे. जमिनीवर निवडुंग आहे, आणि रांगावं लागतंच.
- दोन मोठे कूलर, बर्फ भरून
- पाणी, तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट

११. गोळीनंतर

पहिलं काम परवान्याच्या कूपनचं. त्यावरचा त्या दिवसाचा महिना आणि तारीख कापून, सही करून ते जनावराला लावल्याशिवाय जागा सोडायची नाही. लिंग ओळखता येईल असा भाग मांसाला जोडलेला राहू द्या, तपासणीत विचारतात.

दुसरं काम कातडी काढण्याचं, आणि ते तासाभरात. याचे केस पोकळ असतात, आतली उष्णता धरून ठेवतात. सप्टेंबरच्या उन्हात तसंच ठेवलं तर मांसाला वास येतो आणि मग लोक म्हणतात, अँटिलोपची चव वाईट. चव उत्तम असते. लगेच सोलून बर्फावर ठेवलेल्या मांसाचं कांदा-लसूण मसाल्यातलं सुकं आमच्याकडे दिवाळीपर्यंत पुरवून खातात.

उचलताना शिंगांना धरून ओढू नका. हंगाम उशिराचा असेल, ऑक्टोबर उतरत आला असेल, तर खोळ सैल झालेली असते आणि हातात निघून येऊ शकते.

अधिकृत मोजणी शिंगं घरातल्या हवेत ६० दिवस वाळल्यावरच होते, कारण ओलं शिंग वाळताना थोडं आक्रसतं. तुम्ही मात्र पहिल्या संध्याकाळीच मोजा. पाव इंच रुंदीची पोलादी टेप घ्या, शिंगाची लांबी काढा, तिचे चार भाग करून पेन्सिलने खुणा करा. दोन शिंगं कमी-जास्त असतील तर लांब शिंगाच्या लांबीवरून खुणा ठरतात आणि दोन्हींवर त्याच अंतरावर घेर घेतात. खूण नेमकी फाट्याच्या फुगवट्यावर आली तर घेर त्या फुगवट्याच्या लगेच वर किंवा खाली घ्यायचा. मग माळावर भरलेलं कार्ड काढा आणि प्रत्येक अंदाजाशेजारी टेपचा आकडा लिहा. माझ्या पहिल्या तीन कार्डांवर तिसरा घेर दर वेळी पाऊण ते एक इंच जास्त लिहिलेला होता. चौथ्या वर्षापासून मी तो आधीच पाऊण इंच कमी धरते.